स्मूदनिंग, केराटिननंतर कुरळे केस बिघडले? आधी थांबा, मग हे वाचा

पार्लरमधून बाहेर पडताना केस छानच असतात. तिथल्या आरशात, तिथल्या दिव्याखाली, नुकतीच इस्त्री फिरवलेली असताना कुणाचेही केस छान दिसतील. खरा निकाल लागतो तो घरी, तिसऱ्या नाहीतर चौथ्यांदा केस धुतल्यावर. टाळूजवळ केस चप्प बसलेत, मध्येच कुठेतरी जुना कुरळेपणा डोकावतोय आणि टोकांचा खराटा झालाय, हे दिसतं आणि पोटात गोळा येतो. काही हजार रुपये आणि अख्खा दिवस गेलेला असतो. वर घरातून "चांगले होते की केस, कुणी सांगितलं होतं?" हे ऐकावं लागतं ते वेगळंच.

रिबॉन्डिंग, स्मूदनिंग, केराटिन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टी. नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या मोठ्या सलूनपासून सिडकोतल्या घरगुती पार्लरपर्यंत या पाट्या आता सगळीकडे दिसतात. ट्रीटमेंट करावी की करू नये, हा या लेखाचा विषय नाही. ती झाली आहे, मनासारखी झालेली नाही, आता पुढे काय, एवढंच इथे बघू.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाहीये. मे २०२३ मध्ये मावसबहिणीच्या लग्नाआधी मी माझ्या कुरळ्या केसांचं स्मूदनिंग केलं. केस अर्धवट सरळ झाले. पंधरा दिवसांनी पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, "ये, परत एक हात मारून देते, पैसे नको देऊस." मी गेले. पहिल्या वेळी केस नुसते वाईट दिसत होते. दुसऱ्या वेळी ते तुटले. मानेवरचे केस बोटभर उरले. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: फसलेल्या ट्रीटमेंटपेक्षा ती 'दुरुस्त' करायला घाईत केलेली दुसरी ट्रीटमेंट बऱ्याचदा जास्त नुकसान करते.

केसाला नेमकं काय झालं?

आपल्याला दिसतो तो केस जिवंत नसतो. जिवंत भाग टाळूच्या आत, मुळाशी असतो. बाहेर आलेला केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आणि त्यावर माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक बसलेलं आवरण. नख जसं तुटलं की आपोआप भरून येत नाही, तसंच केसाचं. 'डॅमेज रिपेअर' असं बाटलीवर कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी.

केसाचा आकार टिकतो तो त्याच्या आतल्या बंधांमुळे. यातले काही बंध कच्चे असतात. पाणी लागलं की सुटतात, वाळलं की परत जुळतात. घरी इस्त्री करून सरळ केलेले केस पावसाच्या एका सरीत पुन्हा कुरळे होतात, ते याच कारणानं. दुसरे पक्के बंध गंधकाचे, त्यांना डायसल्फाइड बंध म्हणतात. ते पाण्यानं सुटत नाहीत. ते तोडायला रसायन लागतं.

रिबॉन्डिंगमध्ये तेच होतं. थायोग्लायकोलेट असलेलं क्रीम लावून हे पक्के बंध तोडतात, केस धुऊन वाळवून इस्त्रीनं सरळ करतात आणि मग दुसरं क्रीम, म्हणजे न्यूट्रलायझर लावून बंध नव्या सरळ आकारात पुन्हा जोडतात. न्यूट्रलायझरमध्ये सहसा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. स्मूदनिंग म्हणजे ढोबळमानानं याचाच सौम्य अवतार. क्रीम गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं, न्यूट्रलायझर घाईत उरकलं, ओलसर केसांवर इस्त्री फिरवली किंवा आधी ब्लीच केलेल्या केसांवरच हे सगळं केलं, तर बंध तुटतात आणि नीट जुळत नाहीत. मेंदीचाही इथे संबंध आहे. बाजारातल्या काही तयार मेंदीत धातूचे क्षार मिसळलेले असतात आणि त्यांची पेरॉक्साइडशी प्रक्रिया होऊ शकते. महिन्याला मेंदी लावणाऱ्या बाईला पार्लरमध्ये हा प्रश्न विचारलाच जात नाही, हे मात्र मी अनेकदा पाहिलंय.

केराटिन ट्रीटमेंटचं तंत्र वेगळं. तिच्यात बंध तोडण्यापेक्षा केसावर एक थर चढवून तो साधारण १८० ते २३० अंश सेल्सिअसच्या इस्त्रीनं पक्का करण्यावर भर असतो. तो थर साधारण तीन ते पाच महिन्यांत धुऊन जातो. 'हेअर बोटॉक्स'चा सुरकुत्यांच्या इंजेक्शनशी काही संबंध नाही, ते फक्त नाव आहे.

तुमच्यावर नक्की काय केलं होतं?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. बिलावर 'केराटिन' लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात थायो क्रीम वापरलेलं असतं, असंही होतं. पार्लरला फोन करून प्रॉडक्टचं नाव विचारा आणि डब्याच्या मागच्या बाजूचा, घटकांच्या यादीचा फोटो मागा. नाही मिळाला तर आठवून बघा. आधी एक क्रीम, मग धुणं, मग इस्त्री, मग दुसरं क्रीम आणि पुन्हा धुणं, असा क्रम असेल आणि पहिल्या क्रीमला तो ओळखीचा उग्र, कुजकट वास असेल, तर ते थायो. एकच द्रव लावून त्यावरच इस्त्री फिरवली, धूर झाला, डोळे चुरचुरले, तर ती केराटिन प्रकारातली ट्रीटमेंट.

केराटिन आवडलं नसेल तर बातमी बरी आहे. थर उतरतो. पार्लरवाले सल्फेट नसलेला शाम्पू वापरायला सांगतात तो थर टिकावा म्हणून. तुम्हाला तो टिकवायचाच नसेल तर साधा शाम्पू चालेल, फक्त नंतर कंडिशनर लावा. थर गेल्यावर कुरळेपणा बराचसा परत येतो. इस्त्रीनं भाजलेला भाग मात्र परत येत नाही. थायो असेल, तर त्या केसांचा मूळ आकार कोणत्याही तेलानं, मास्कनं परतणार नाही. नवे केस मुळापासून येतील ते तुमचेच, कुरळे असतील. जुने हळूहळू कापायचे.

बिघडलंय, पण किती?

'केस बिघडले' या एका वाक्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. केस हवे तितके सरळ झाले नाहीत, हे एक. फारच सरळ झाले, चेहरा ओकाबोका दिसतो, हे दुसरं. हे दोन्ही निराशाजनक आहे, पण नुकसान नाही. तिसरी गोष्ट म्हणजे खरं नुकसान.

ते ओळखायला एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणा. निरोगी केस थोडा ताणला जातो आणि सोडल्यावर परत येतो. च्युइंगमसारखा लांबत गेला आणि परत आलाच नाही, किंवा ताणल्याबरोबर तुटला, तर आतले बंध कमजोर झालेत. केसावर मध्येच पांढरे ठिपके दिसत असतील आणि तिथेच तो मोडत असेल, तरी तेच. (पाण्याच्या ग्लासात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे बघण्याची जी रील फिरते, तिच्यावर वेळ घालवू नका. केसावर तेल किंवा सीरम असलं तरी निकाल बदलतो.)

कंगव्यात आलेले केस तुटलेत की गळलेत हेही पाहा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर केस मुळातून गळला आहे. दिवसाला शंभरापर्यंत असे केस गळणं सामान्य मानलं जातं. गाठ नसेल, तुकडे लहान-मोठे असतील, तर ते तुटणं आहे. तुटण्यावर उपाय काळजी आणि कात्री. गळणं वाढलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञ.

आधी डॉक्टर, मग कंडिशनर

टाळूला फोड आले, पाणी सुटलं, आग थांबत नाही, कपाळ किंवा पापण्या सुजल्या, तर घरगुती उपाय करू नका. भरपूर साध्या पाण्यानं डोकं धुवा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. नाशिकमध्ये खासगी डॉक्टरचा खर्च नको असेल तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आहे. भाजलेल्या टाळूवर लिंबू, कांद्याचा रस, कोरफडीचा ताजा चीक यातलं काहीही लावू नका. जखम खोल असेल तर मुळाला धक्का बसतो आणि तिथे केस परत न येण्याची शक्यता असते.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. ट्रीटमेंटनंतर लगेचच्या दिवसांत उलट्या, जुलाब, ताप, पाठीत किंवा कमरेत दुखणं, लघवी कमी होणं असं काही झालं तर 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून सोडून देऊ नका. २०२४ च्या मार्चमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीची केस प्रसिद्ध झाली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वेळा केस सरळ केल्यानंतर प्रत्येक वेळी तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांना लावून पाहिलं, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. इस्रायलमध्येही केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या २६ रुग्णांची नोंद डॉक्टरांनी केली आहे. हे प्रमाण फार मोठं आहे असं नाही. पण 'फॉर्मल्डिहाइड फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक क्रीममध्ये हेच ॲसिड असतं. त्यामुळे डॉक्टरांकडे गेलात तर केसांना काय लावलं होतं ते आठवणीनं सांगा. क्रिएटिनिनची साधी रक्ततपासणी त्यांना दिशा द्यायला पुरते.

फॉर्मल्डिहाइडचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच ते माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागानं २०११ मध्ये सलूनमधल्या अशा क्रीमबद्दल इशारा दिला. लेबलवर नाव नसतानाही ते काही बाटल्यांमध्ये सापडलं होतं. एकदा ट्रीटमेंट करून आलेल्या मुलीपेक्षा रोज बंद खोलीत चार-चार जणींचे केस करणाऱ्या पार्लरमधल्या ताईंना त्याचा धोका जास्त आहे. याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही.

पुढचे काही आठवडे

मुख्य काम एकच: केसांना त्रास न देणं. स्ट्रेटनर, ब्लीच, कलर, मेंदी, सगळं किमान दोन-तीन महिने बंद. थायो झालेल्या केसांवर सोडियम हायड्रॉक्साइडचं रिलॅक्सर तर कधीच नाही. दोन्ही रसायनं एकमेकांना चालत नाहीत, केस अक्षरशः हातात येतात.

धुण्याआधी खोबरेल तेल लावा. हे आजीचं म्हणणं आहेच, पण त्याला मुंबईत झालेल्या एका प्रयोगाचा आधारही आहे. २००३ मध्ये आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली. केसांमधून होणारी प्रथिनांची गळती तिघांपैकी फक्त खोबरेल तेलानं लक्षणीय कमी केली. निरोगी केसांतही आणि खराब झालेल्या केसांतही. दोघेही खोबरेल तेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते, हे लक्षात ठेवून हा निष्कर्ष वाचायचा. पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल आकारानं लहान असल्यानं केसाच्या आत शिरतं. तेल केसांना लावा. जोरजोरात चंपी नको, नाजूक झालेले केस त्या घासण्यानंच तुटतात.

दही, अंडं, मेथी यांचं काय? नुकसान नाही, चमत्कारही नाही. अंड्यातली प्रथिनं इतकी मोठी असतात की ती केसाच्या आत जाऊ शकत नाहीत, वर एक थर बसतो इतकंच. आणि अंडं लावून गरम पाण्यानं डोकं धुऊ नका. का ते मला विचारू नका, केसांतून भुर्जी वेचायला अर्धा तास गेला होता.

कंडिशनर सढळ हातानं लावा. सिलिकोन असलेलं सीरम वाईट असतं हा समज सोडा. सध्या केसांचं एकमेकांशी घर्षण कमी करणं हेच हवंय आणि ते काम सिलिकोन चांगलं करतं. महागड्या 'बाँड रिपेअर' बाटल्यांनी केस काही काळ मजबूत वाटतात, परवडत असेल तर वापरा. पण दुभंगलेलं टोक कशानंही कायमचं जुळत नाही, ते कापावंच लागतं.

टर्किश टॉवेलनं केस खसाखसा पुसायची सवय बंद करा. आजोबांचा जुना सुती पंचा याला उत्तम, नाहीतर जुना टी-शर्ट. नुसता दाबून पाणी टिपायचं. जाड दातांचा कंगवा, कंडिशनर लावलेल्या केसांत, खालून वर. गाडीवर जाताना आपण बांधतो तो स्कार्फ सुती असेल तर आत गुळगुळीत सॅटिनचा तुकडा घाला. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येतं त्यांना फारसा प्रश्न नाही. सोसायटीत बोअर किंवा टँकरचं जड पाणी असेल तर केस आणखी राठ लागतात. अशा वेळी शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या.

एकाच डोक्यावर दोन जातींचे केस

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे सहा महिन्यांत सहा सेंटीमीटर कुरळे आणि त्याखाली सगळे सरळ. तीस सेंटीमीटर लांबी पूर्ण आपली व्हायला अडीच वर्षं लागतात. हा आकडा मला डॉक्टरांनी सांगितला तेव्हा मी क्लिनिकमध्येच रडले होते.

जिथे कुरळा आणि सरळ केस भेटतात, ती जागा सगळ्यात नाजूक. घट्ट अंबाडा, घट्ट पोनी, रबरबँड यांनी केस नेमका तिथेच मोडतो. दोन रस्ते आहेत. एक, दर दोन-अडीच महिन्यांनी दोन-तीन सेंटीमीटर कापत जायचं. दुसरा, चार-सहा महिन्यांनी धीर करून सगळे सरळ केस एकदम कापून टाकायचे. लग्न ठरतंय, नोकरीच्या मुलाखती चालू आहेत, घरात आजी आहे, असं असेल तर दुसरा रस्ता सोपा नाही, हे मान्य. मुलीनं केस कापले की 'काय झालं?' असं विचारणारे आपल्याकडे कमी नाहीत. मी पहिला रस्ता धरला आणि आठव्या महिन्यात कंटाळून दुसऱ्यावर आले.

दरम्यान दोन्ही भाग एकसारखे दिसावेत यासाठी एक जुनी युक्ती आहे. रात्री केस किंचित ओलसर असताना दोन सैल वेण्या घालून झोपायचं. सकाळी सरळ भागालाही लाटा आलेल्या असतात. वर सांगितलेले ते कच्चे, पाण्यानं सुटणारे बंध इथे कामाला येतात. इस्त्री नाही, खर्च नाही. सुरुवातीला शाळेत चालल्यासारखं वाटतं, मग सवय होते.

पैसे परत मिळतात का?

मिळू शकतात, पण पुरावा पाहिजे. पार्लर ही सेवा आहे आणि सेवेतली कमतरता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. बिल नसेल तर यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, अपॉइंटमेंटचा मेसेज जपून ठेवा. केसांचे, टाळूचे तारीखवार फोटो काढा, ट्रीटमेंटआधीचा एखादा फोटोही शोधून ठेवा. डॉक्टरला दाखवलं असेल तर कागदावर कारण लिहून घ्या. आधी पार्लरला लेखी तक्रार द्या. भांडून आलात तर समाधान मिळेल, पण कागद उरणार नाही.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही मिटलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करता येते, ऑनलाइनही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, वकिलाशिवायही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ट्रीटमेंट पुण्या-मुंबईत झाली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. डब्यावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, घटकांची यादी यातलं काही नसेल, तर ती तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. त्यांचं विभागीय कार्यालय नाशिकमध्येच आहे.

अपेक्षा किती ठेवायची, हे दिल्लीच्या एका खटल्यातून कळतं. तिथल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ मध्ये एका मॉडेलचे केस चुकीचे कापले गेले, नंतरच्या ट्रीटमेंटमध्ये टाळूलाही इजा झाली अशी तिची तक्रार होती. राष्ट्रीय आयोगानं २०२१ मध्ये तिला दोन कोटींची भरपाई दिली. देशभर बातमी झाली. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रक्कम रद्द केली आणि नुकसानीचा पुरावा पाहून पुन्हा ठरवायला सांगितलं. सेवेत कमतरता होती, या निष्कर्षाला न्यायालयानं हात लावला नाही. प्रश्न होता आकड्याचा, आणि आकड्याला कागद लागतो.

मी तक्रार केली नाही. माझ्याकडे बिल नव्हतं आणि पैसे रोख दिले होते.

आणि पुन्हा करायचं असेल तर?

काही जणींना करायचंच असतं, त्यात चूक काही नाही. पण आधीचे केस पूर्ण सावरू द्या आणि थायो फक्त मुळाशी आलेल्या नव्या केसांवर, जुन्या सरळ भागाला न लावता करू द्या. मेंदी, कलर, ब्लीच, आधीची ट्रीटमेंट, सगळं न विचारताच सांगून टाका. डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि त्याचा फोटो काढा. खिडकी उघडी आहे ना, बघा. आणि दोन दिवस आधी जाऊन मानेजवळच्या एका बटेवर चाचणी मागा. पूर्ण प्रक्रिया, त्याच क्रीमनं, त्याच इस्त्रीनं. घरी येऊन ती बट दोनदा धुवा आणि मगच वेळ घ्या. मी गेल्या दिवाळीआधी नाशिकमधल्या तीन ठिकाणी हे विचारलं होतं. दोन ठिकाणी हसले. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी केस हातात घेतले, टोकं ताणून बघितली आणि म्हणाल्या, "अजून सहा महिने थांब."